जगचा कान दाराकडे

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच या बारचे मालक. त्यांच्या उजव्या हाताला विराजमान झालेले आजचे प्रमुख पाहुणे, आपल्या दुकानदार संघाचे प्रमुख. ज्यांना निरोप द्यायला आपण भरदुपारी, आणि तेही कोरड्या घशाने, इथे जमलो आहोत ते आपले कॅप्टन. सूत्रसंचालनाची बाजू सांभाळणाऱ्या गल्ल्यावरच्या ताई. आणि काउंटरच्या अलीकडच्या व पलीकडच्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

मागे आवाज येतोय ना? येतोय. बरं. ताई, हा माइक जरा वर करता का? वाकून बोललं की माझी पाठ धरते. हां, आता ठीक.

मला सांगण्यात आलंय की ग्राहकांच्या वतीने दोन शब्द बोला. दोन शब्द म्हणजे नक्की किती, हे आजवर कुठल्याही वक्त्याला कळलेलं नाही, तरी मी आवरतं घ्यायचा प्रयत्न करीन. मला भाषणाची सवय नाही. माझ्या गाडीत मागे असतो तो काही बोलत नाही आणि पुढे बसतो त्याला बोलवत नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, मी शववाहिनी चालवतो. बघा, शब्द उच्चारला मात्र, तिसऱ्या रांगेतल्या काकांनी चष्मा पुसायला काढला. पुसा, पुसा. मला सवय आहे.

इतक्या मातब्बर ग्राहकांमधून या माणसाचंच नाव का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला. ताई म्हणाल्या, खुद्द कॅप्टननी सुचवलं. मला वाटलं, मी आपला कधी तक्रार न करणारा, गुळमुळीत बोलणारा गडी, म्हणून सुचवलं असेल. कॅप्टन, तसं असेल तर आज तुमचा अंदाज चुकला म्हणायचा.

आता कॅप्टनांविषयी. त्यांना सगळे कॅप्टन म्हणतात, पण जहाज नाही, विमान नाही, तर वेटरांचा मुख्य म्हणून. दार उघडण्याची त्यांची एक पद्धत आहे. ते दार ओढत नाहीत, दारासोबत स्वतः मागे सरकतात, म्हणजे येणाऱ्याला वाटावं की भिंतच बाजूला झाली. कुणाला बर्फ किती, कुणाला सोडा किती, कुणाची बायको फोन करते तेव्हा 'साहेब आत्ताच गेले' म्हणायचं आणि कुणाच्या बायकोला खरं सांगायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. हसू नका, खरं आहे! एकदा दोन कंत्राटदार एकमेकांच्या कॉलरी धरून उभे होते. कॅप्टन मधे गेले, हातात ट्रे, ट्रेवर काही नाही, आणि विचारलं, "अजून काय आणू?" दोघांनी कॉलरी सोडल्या आणि बसून ऑर्डर दिली. हे कुणाला जमेल सांगा बरं? मला नाही जमणार. मी तर भांडायलाच लागलो असतो.

माझं लक्ष सारखं खिडकीबाहेर जातंय, माफ करा. एका जागी उभं राहावत नाहीये. बाहेर माझी गाडी आहे आणि गाडीपाशी एक माणूस उभा आहे. त्याचं काय ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर मला पुढे धड बोलता यायचं नाही.

तो माणूस म्हणजे डावखुरा. इथेच वेटर होता, परवापरवापर्यंत. पुढच्या रांगांतल्या पुष्कळांना त्याने ग्लास भरून दिलाय, तेव्हा अनोळखी असल्यासारखं करू नका. त्याला कामावरून काढलं. आज संध्याकाळी त्याला घेऊन मला आमच्या ऑफिसात जायचंय, माझ्या गाडीवर मदतनीस म्हणून लावून घ्यायला. साहेब तिथे आमची वाट बघतायत. त्याआधी मालकांनी त्याला परत इथे घेतलं, तर त्याला माझ्या गाडीवर चढावं लागणार नाही. मी एवढ्यासाठीच आलोय. निरोपाचं भाषण हे निमित्त आहे, असं म्हणालात तरी मी नाही म्हणणार नाही.

ताई हाताने 'आटपा' अशी खूण करतायत. ताई, आत्ता तर सुरुवात झाली! तुम्ही मला पाणी द्या, मी शांत होतो. आज ड्युटीवर आहे, पाण्यावरच भागवायचं. आम्ही प्यायला येतो ते गाडीची किल्ली जमा केल्यावर, हे कृपया सगळ्यांनी ध्यानात घ्यावं.

तर आम्ही. आम्ही म्हणजे मी, शवागारात काम करणारे आमचे बर्फवाले मामा, कधी मैल्याच्या टँकरवरची दोन माणसं. मामा काही माझे सख्खे मामा नाहीत, पण त्या थंड खोलीतून येणारा प्रत्येकजण त्यांना मामाच म्हणतो. आमचं टेबल ठरलेलं, बाथरूमच्या दाराशेजारचं. त्याचा एक पाय आखूड आहे. त्या पायाखाली घडी घालून ठेवायला मामा घरून पुठ्ठा आणायचे. मागवलं की येईपर्यंत आमच्या तीन पिढ्यांच्या गप्पा व्हायच्या. बर्फ मागितला की 'संपला'. शेंगदाणे मागितले की 'बघतो'. ग्लास एखादा काठाला टवका उडालेला. आणि आमचं पिऊन व्हायच्या आत बिल हजर, ते मात्र न मागता.

माझ्या मनात काही आलं नव्हतं, शपथेवर सांगतो. उलट मीच तुमची बाजू घ्यायचो. टँकरवाला चिडला की मी त्याला समजवायचो, "अरे, गर्दी बघ केवढी आहे. वेटर चार, टेबलं ढीगभर. पाय दुखत नसतील का त्यांचे?" मामा म्हणायचे, "समोरच्या टेबलाला बरे पाय दुखत नाहीत." मी म्हणायचो, "मामा, तुम्हाला सगळीकडे वाईटच दिसतं." वर मी त्यांनाच रागवायचो, कॅप्टन! तुमच्यासाठी!

आता मी ज्या दिवसाबद्दल बोलतोय, त्या दिवशी कॅप्टन दाढ काढायला गेले होते. मालक बाहेरगावी. कॅप्टन इथे असले की टेबलावर पाण्याचा जग ते स्वतः ठेवतात, दुसऱ्या कुणाला ठेवू देत नाहीत. का देत नाहीत हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या दिवशी जग कुणी ठेवायचे असा प्रश्न आला, आणि जुन्यांनी ते काम सगळ्यात नव्या माणसावर ढकललं. नवा म्हणजे डावखुरा. त्याने भराभर डाव्या हाताने सगळ्या टेबलांवर जग ठेवले. गडी कामाला चपळ.

आणि त्या दिवशी आमच्या टेबलावर काय झालं म्हणता? आम्ही बसतो न बसतो तोच एकजण धावत आला. "काय घेणार साहेब?" साहेब! मी मागे वळून बघितलं, मागे बाथरूमचं दार. बर्फ आला, चिमट्यासकट आला. शेंगदाण्यांची वाटी अर्धी झाली की भरली जायची. दुसऱ्याने येऊन टेबल पुसलं, हलतंय म्हणून स्वतः खाली वाकून पायाखाली लाकडाची चकती सरकवली. मामांचा चेहरा पांढराफटक. मला म्हणतात, "अरे, यांनी आपल्याला दुसरंच कुणीतरी समजलंय. लवकर पी, कळायच्या आत." मी म्हटलं, "मामा, सावकाश प्या. आज गर्दी कमी आहे म्हणून असेल." गर्दी कमी नव्हती. मी खोटं बोलत नव्हतो, मला खरंच तसं वाटलं.

त्याच वेळी खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर आपले आजचे प्रमुख पाहुणे बसले होते, सोबत त्यांचे चार व्यापारी मित्र. पाहुणे, उठू नका, बसा. मी तुमचा अपमान करणार नाही, झालं तेवढंच सांगणार आहे. तुम्ही हाक मारलीत, कुणी आलं नाही. बर्फ संपला होता. शेंगदाण्यांचं बघत होते. ग्लासला टवका होता, तुमच्या ओठाला लागला. मित्रांसमोर कसं वाटलं असेल, मला कल्पना आहे. माझ्याइतकी इथे कुणालाच नसेल.

आता तुम्ही म्हणाल, वेटरांना पाहुणे ओळखू आले नाहीत का? आले की. दोघांनी ओळखलं. पण इथली शिस्त अशी की चेहऱ्याकडे बघायचं नाही, जगकडे बघायचं. ते मनात म्हणाले, मालकांचं आणि पाहुण्यांचं काहीतरी बिनसलं असेल, मोठ्यांच्या भानगडीत आपण कशाला पडा! आणि त्यांनी पाहुण्यांना नेमाने उपाशी ठेवलं.

जगची भानगड अशी, मला ती नंतर डावखुऱ्याकडून कळली. जगचा कान, म्हणजे धरायची मूठ, काउंटरकडे असेल तर माणूस आपला, त्याच्याकडे लक्ष द्यायचं. कान दाराकडे असेल तर माणूस नको असलेला. त्याला नाही म्हणायचं नाही, हाकलायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. फक्त ताटकळत ठेवायचं, कंटाळून आपण होऊन दाराबाहेर जाईपर्यंत. बाहेर पाटी आहे ना, 'सर्वांचे स्वागत आहे'? पाटी खोटी नाही. स्वागत सर्वांचं होतं. कॅप्टन दार उघडायचे, हसायचे, आम्हाला टेबलाशी आणून बसवायचे आणि मग जग ठेवायचे. डावखुऱ्याच्या डाव्या हाताने खिडकीकडच्या टेबलांवर कान दाराकडे गेले, आणि आमच्याकडे तो पलीकडून वळसा घालून आला म्हणून आमचा कान काउंटरकडे. एवढंच झालं. त्याला बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कोण सांगणार? ही गोष्ट इथे कुणी कुणाला सांगत नाही, ज्याची त्याने बघून उचलायची असते.

शेवटी पाहुणे उभे राहिले. सगळा बार ऐकत होता. ते ओरडले, "मला काय मढी वाहणारा समजलात काय रे?"

मग त्यांची नजर आमच्यावर गेली. आमच्या टेबलावर चिमटा, बर्फ, काठोकाठ शेंगदाणे. मामांनी ग्लास खाली ठेवला, तो अजून भरलेला होता, आणि म्हणाले, "चल." मी म्हटलं, "मामा, संपवा तरी." ते म्हणाले, "नको रे. चल." आम्ही निघालो. मामा त्यानंतर इथे आलेले नाहीत. आजही आलेले नाहीत. मी बोलवायला गेलो होतो, तर म्हणाले, "माझ्या वतीने तूच टाळ्या वाजव."

पाहुणे, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. त्या दिवशी होतो. नंतर विचार केला की तुम्ही निदान मोठ्याने बोललात. तुमच्यामुळे मला कळलं की वेटर कमी नाहीत.

मामांची पिशवी टेबलाखाली राहिली होती. ती घेऊन डावखुरा आमच्यामागे रस्त्यावर धावत आला. मला विचारतो, "काका, माझं काही चुकलं का?" मी म्हटलं, "नाही रे राजा, आज पहिल्यांदा इथे कुणाचं काही चुकलं नाही." तो बावचळून गेला.

दुसऱ्या दिवशी मालक आले, कॅप्टन सुजलेल्या गालाने आले, पाहुण्यांचा फोन तर आधीच येऊन गेला होता. मालकांनी डावखुऱ्याला आत बोलावलं आणि जगचं सगळं पहिल्यांदाच तोंडाने समजावून सांगितलं. पाहुण्यांची माफी माग आणि यापुढे कान नीट फिरवत जा, एवढंच म्हणाले. रागावले नाहीत, मालक रागीट नाहीत, ते मी कबूल करतो. डावखुरा म्हणाला, "माफी मागतो. ग्लास फुटका होता, तो मी बघून ठेवायला हवा होता. पण दाराकडे कान कुणाकुणाचा करायचा, ते मला एकदा माणसं दाखवून सांगा. मी नवा आहे, माझ्या लक्षात नाही यायचं." मालक म्हणाले, "ते बघितल्यावर कळतं." तो म्हणाला, "मला नाही कळत साहेब, तुम्ही नावं घ्या." नावं कुणी घेईना. त्यावर त्याला सांगण्यात आलं, उद्यापासून यायची गरज नाही.

कॅप्टन, तुम्ही त्या खोलीत होतात. मी चुकीचं सांगत असेन तर इथेच मला थांबवा. सगळ्यांसमोर थांबवा, मला वाईट वाटणार नाही.

नाही ना? बरं.

मालक, मी पुढचं बोलणार नव्हतो. घरी बायकोने बजावलं होतं, "मालकांच्या घरचं काढू नका." पण आता तोंड उघडलंच आहे. तुमचे वडील गेले तेव्हा मला फोन आला. लिफ्ट बंद होती. जिना असा की स्ट्रेचर वळवताना भिंत खरवडली जाते. तुमच्या नातेवाइकांपैकी एकाची कंबर धरली होती, एकाला नेमका फोन आला, एकजण खाली गाडी काढायला गेला तो गेलाच. मग तुम्ही डोक्याकडून धरलंत, मी पायाकडून. प्रत्येक वळणावर तुम्ही मला विचारत होतात, "लागत नाही ना त्यांना?" आणि मी म्हणत होतो, "नाही लागत, सांभाळून धरलंय." आठवतं? मग तुम्ही माझ्या शेजारी पुढे बसलात. तुमच्या घशाला कोरड पडली होती, माझी बाटली उचलून तोंड लावून प्यायलात. मला म्हणालात, "तुम्ही भावासारखे धावून आलात." मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, असतात हो चांगली माणसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी आणि मामा इथे आलो. तुम्ही काउंटरला उभे होतात. आमच्याकडे बघून तुम्ही मान हलवलीत. मी मामांना कोपरखळी मारली, "बघा, मालकांनी ओळख दिली." फार बरं वाटलं मला. त्या दिवशीही बर्फ संपलेला होता, पण त्याचं काही वाटलं नाही. आता मला एकच गोष्ट सतावते, रात्रंदिवस सतावते. ती मान तुम्ही मला हलवलीत, की कॅप्टनना? त्याचं उत्तर मला नको आहे. नको आहे म्हणजे... असो. पाणी द्या ताई.

खुर्च्या करकरतायत. मला माहीत आहे, निरोपाच्या वेळी असलं बोलू नये. गोड बोलावं, गुच्छ द्यावा, फोटो काढावा. फोटो काढूच. पण माझं ऐका.

मला मदतनीस हवाय. अगदी गरजेचा आहे. माझा जुना साथीदार निवृत्त झाल्यापासून मी एकट्याने स्ट्रेचर ओढतोय, घरच्यांना हाताशी धरतोय, आणि घरचे त्या वेळी कुठल्या अवस्थेत असतात तुम्हाला ठाऊक आहे. पाठ रात्री कळ मारते. डावखुऱ्यासारखा माणूस मला दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. माणूस उचलताना तो आधी त्याच्या तोंडावरचे केस बाजूला करील, अशा जातकुळीचा तो आहे. मग मी त्याला इथे परत घ्या म्हणून का धडपडतोय? वेड लागलंय का मला?

काम वाईट आहे म्हणून नाही. माझ्या कामाची मला लाज नाही. काम चांगलं आहे, कुणीतरी करायलाच हवं आणि नीट करायला हवं. पण माझी मुलगी शाळेत वडिलांचा धंदा सांगताना 'ड्रायव्हर' एवढंच सांगते, आणि ती हुशार आहे, पुढे कसली गाडी असं कुणी विचारायच्या आत विषय बदलते. मेहुणीच्या घरी कार्यक्रम असला की मला आदल्या दिवशी फोन येतो, "भावजी, गाडी जरा लांब लावाल ना?" लावतो. माझी ती गाडी नसते तरी लांब लावतो. माझं आयुष्य यात निघालं, मला आता त्याचं काही नाही. खोटं. आहे. पण मी म्हातारा झालो, निभेल.

डावखुऱ्याची बायको पोटुशी आहे. तिच्या दादाने निरोप धाडलाय: नवरा मढ्याच्या गाडीवर चढला तर बहिणीला मी घरी घेऊन येईन, मूलही आमच्याकडेच वाढेल. ती पोर म्हणते, "मी जाणार नाही." म्हणते खरी, पण तिची आई रोज फोनवर रडते, आणि दिवस भरत आले की पोरीला आई लागते. डावखुरा मला काल म्हणाला, "काका, मला काम चालेल. घराला चालेल का, ते माहीत नाही." दुसरीकडे कुठे काम नाही का, तर विचारून आलाय सगळीकडे. पण या बाजारातल्या प्रत्येक मालकाला दुकानदार संघातून फोन गेलाय. पाहुणे, मी वर बघत नाही, तुम्हीही बघू नका.

म्हणजे बघा गंमत. ज्याने आम्हाला एक दिवस, तोही चुकून, माणसासारखं बसवलं, त्याला शिक्षा काय? तर तू त्यांच्यातलाच हो. आणि ती शिक्षा आहे हे इथल्या प्रत्येकाला न सांगता कळतं. माझ्या कामाचं नाव काढलं की ती शिक्षा होते! मी तुमच्यासमोर उभा आहे, धुतलेला शर्ट घातलाय, पहिल्या रांगेत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि मी हात जोडून म्हणतोय, त्या पोराला माझ्यासारखं करू नका. हे म्हणताना मला काय वाटत असेल, याचा कुणी तरी विचार करा.

मालक, मला मेहेरबानी नको. आमच्या टेबलाचं तुम्ही काय करायचं ते करा. आम्ही आलो नाही तर तुमचं काही अडत नाही आणि आमचंही अडत नाही, पिणारा कुठेही पितो. पण आज तुम्ही नव्या कॅप्टनचं नाव जाहीर करणार आहात, असं पत्रिकेत छापलंय. नवा कॅप्टन जो कोणी असेल त्याच्या हाताखाली एक वेटर कमी पडतोय. तो बाहेर उभा आहे. मी त्याला म्हटलं, आत चल, मागच्या खुर्चीवर बस. तो म्हणाला, "ज्या दाराने जा म्हणाले त्या दाराने मी आपण होऊन कसा येऊ?" बरोबर आहे त्याचं. मी आग्रह केला नाही.

संपवतोच आता. कॅप्टन, तुम्हाला पुढच्या आयुष्यासाठी...

कॅप्टन? का उठलात? काही हवंय का? बसा ना, अजून तुमचं मनोगत व्हायचंय, गुच्छ हातात घेऊन कुठे निघालात? ताई, त्यांना धरा, पायरी आहे तिथे. नको? बरं, जाऊ द्या त्यांना. वाट द्या. अहो, वाट द्या जरा!

बाहेर गेले.

उठू नका कुणी, खिडकी मोठी आहे, सगळ्यांना दिसतंय. गेले त्याच्यापाशी. बोलतायत. बराच वेळ बोलतायत... कॅप्टन एवढं बोलताना मी कधी पाहिले नाहीत. डावखुरा मान हलवतोय. नाही म्हणतोय. मला वाटलंच होतं. त्याला काढलं ते कॅप्टननी नाही, त्यांच्या बोलावण्याने तो कसा येईल? हात जोडतोय, पण नाही म्हणतोय.

आता कॅप्टन परत फिरतील. फिरत नाहीयेत. अरे! ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. माझ्या गाडीला टेकून उभे राहिलेत. त्या गाडीला टेकलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. लोक तिच्या सावलीतूनसुद्धा बाजूला होतात.

अध्यक्ष महाराज, ज्यांचा निरोप समारंभ आहे ते रस्त्यावर उभे आहेत आणि निरोप देणारे आपण आत खुर्च्यांवर. पत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर तुमचं भाषण आहे. भाषण कुणाला ऐकवणार, हा तुमचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही.

एवढा वेळ सगळ्यांनी मला सहन केलंत, करकरलात पण उठून गेला नाहीत, त्याबद्दल मनापासून आभार. ताईंचे विशेष आभार, त्यांनी मघापासून खूण करायची थांबवलीय. माझं बोलणं सराईत माणसाचं नाही. कुठे पातळी सुटली असेल, वडीलधाऱ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर ते माझ्या अडाणीपणावर घाला आणि मनात ठेवू नका.

मालक, हा घ्या माइक. की आधी बाहेर जाऊन येता?

या जाऊन. आम्ही थांबतो.